खडशीचे गळ

आमच्या मुठा खोऱ्यात मासा केवढा, हे कुणी वजनावरनं सांगत नसे. त्यानं गळाचं काय केलं, यावरनं सांगत. वाम गळ गिळून बसायची. मरळ ओढून लव्हाळ्यात न्यायची. खडशी मात्र गळ चेपून परत द्यायची. चेपून म्हणजे अगदी चिमट्यात धरून दाबल्यासारखा. असा एक तीन तोंडांचा गळ आमच्या घरी अजून आहे. त्याची तिन्ही टोकं एकमेकांना चिकटून गेलीत, कळी मिटावी तशी.

खडशी म्हणजे पुस्तकातला महसीर. तो पुस्तकात गेला तोही आमच्याच पाण्यातनं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839च्या सुमारास दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या एका माशाचं इथल्या माणसांच्या तोंडचं नाव त्यानं तसंच उचललं, खुद्री. शास्त्रात आजही त्याला ‘टॉर खुद्री’च म्हणतात. नदीकाठच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांचा शब्द लॅटिनच्या पंगतीला जाऊन बसला, याचं मला फार बरं वाटतं.

साइक्सनं मासा मोजला, पण त्याच्याशी झुंज कशी द्यायची ते सांगितलं दुसऱ्यांनी. मद्रासकडच्या एच. एस. टॉमस नावाच्या सनदी अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक 1873 साली निघालं. महसीरच्या तोंडात चांगले चांगले गळ चुरडतात, तेव्हा गळ घ्यायचा तर दणकट घ्या, हे त्यानं आवर्जून लिहिलं. गंमत म्हणजे या माशाच्या जबड्यात दात नाहीत. ओठ जाड, कातड्यासारखे. दात आहेत ते घशात, आणि त्यांनी तो खेकडे अन् शिंपले फोडून खातो. मग गळाची काय कथा!

साहेब लोक खडकवासल्याच्या तलावावर सुट्टीला यायचे, तेव्हा माझे पणजोबा त्यांचं सामान वाहायचे. मजुरीबरोबर एकदा त्यांना एक चमचा मिळाला. जेवायचा नव्हे, मासे धरायचा. पितळेचा पानासारखा तुकडा, पाण्यात ओढला की डुलत फिरतो, आणि माशाला वाटतं जखमी मासोळी चाललीय. हा चमचा मुळात अमेरिकेतला. तिथल्या ज्यूलिओ ब्यूएल यानं 1852 साली त्याचं पेटंट घेतलं. तिकडचे गळकरी अशाच आमिषांनी बास नावाचा मासा धरतात. बासचं तोंड घमेल्यासारखं, पण दात बारीक, कानशीसारखे खरखरीत. तो पकडतो, चुरडत नाही. तेवढ्यावर बेतलेला बारीक तारेचा तिहेरी गळ खडशीच्या तोंडात गेला की त्याची कळी होते. आमच्या घरातली कळी ती हीच.

पणजोबांनी तो गळ काढून टाकला आणि लोहाराकडे गेले. लोहारानं पोतं शिवायचा दाभण घेतला, लाल केला, वाकवला, छिन्नीनं उलटा काटा उचलला. इंग्लंडात रेडिच नावाचं गाव आहे, जगाच्या सुया तिथं व्हायच्या आणि गळही तिथंच. सुईवाल्यालाच गळ जमतो, हे त्या गावानं आणि आमच्या लोहारानं एकमेकांना न विचारता ठरवलेलं. पुढं नॉर्वेतल्या मुस्टाड कारखान्यानं गळ करायचं यंत्र काढलं आणि त्यांचे गळ पुण्याच्या बाजारात आले, तरी आबा, म्हणजे माझे आजोबा, मोठ्या माशासाठी लोहाराकडेच जात.

खरी कला पाणी देण्यात. तापलेला गळ थेट पाण्यात बुडवला की काचेसारखा होतो, टणक आणि ठिसूळ. म्हणून लोहार तो तेलात विझवायचा, मग तव्यावरच्या तापल्या वाळूत ठेवून रंग बघत बसायचा. पिवळा, तांबूस, जांभळा... निळा झाला की उचलायचा. आबा तो गळ बाभळीच्या खुंटात टोचून ओढायचे.

“वाकला आन् तसाच ऱ्हायला, तर कच्चा. त्यो माळ्यावर टाक,” ते मला सांगत. “कडकन मोडला तर लोहाराच्या अंगावर फेक. वाकून परत जाग्यावर आला, तर त्यो आपला.”

“आन् लई जाड केला तर?”

“तर चमचा मुका व्हतो, पोरा.”

हे मुका होणं मला फार दिवसांनी उमगलं. गळ जाड घेतला की जड होतो, आणि जड गळ चमच्याला डुलू देत नाही. तो सरळ ओढला जातो, आणि खडशी त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. गळ माशाला पुरेल एवढा जाड आणि चमच्याला पेलेल एवढा हलका, यातली रेघ आबा घाटावरच्या उथळ पाण्यात शोधत. गुडघाभर पाण्यात उभं राहून चमचा चार-चार वेळा ओढायचा, मग गळाची दांडी कानशीनं थोडी उतरवायची, पुन्हा ओढायचा. बाया धुणं थांबवून हसायच्या.

गळाइतकीच चमच्याला जपायची तऱ्हा होती. गळ टिकला तर कडी उघडते, म्हणून गळ आणि चमचा जोडणारी ती दुहेरी वेढ्याची कडी दर खेपेला नखानं तपासायची. खडकावर घासून पितळ काळं पडलं की चिंच आणि राखेनं घासायचं, पण आधी गळ सोडवून; चिंच पोलाद खाते. ओला चमचा गळासकट ठेवायचा नाही, पितळेला लागलेलं पोलाद लवकर गंजतं. आणि दोन चमचे एका डब्यात मोकळे तर कधीच नाही. गळांची टोकं एकमेकांचं पितळ ओरबाडतात, शिवाय स्वतः बोथट होतात. प्रत्येकाला जुन्या धोतराची वेगळी चिंधी. खोबरेल तेलाचं बोट फिरवून आबा ते अशा निगुतीनं गुंडाळत, की आजी म्हणायची, “बाळंतिणीचं बी एवढं करीत न्हाईत कुणी.”

तो पत्र्याचा डबा आता माझ्याकडं आहे. तो उपसला की खोऱ्याचा इतिहास उलटा वाचता येतो. तळाला पणजोबांचे दाभणाचे गळ, करंगळीएवढ्या वळणाचे. त्यावर आबांचे, त्याहून लहान. त्यावर मुस्टाडचे. सगळ्यात वर वडिलांनी घेतलेले, तांदळाच्या दाण्याएवढं तोंड असलेले, मासोळ्यांसाठी. गळ कुणी ठरवून लहान केले नाहीत. मासा लहान होत गेला.

खडकवासल्याचं धरण 1870च्या दशकात बांधलं, तरी तलावातली खडशी पावसाळ्यात आंबी, मोसी आणि मुठेत वर चढायची. तिला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, स्वच्छ गोटे लागतात. मग वर पानशेत झालं, वरसगाव झालं, शेवटी टेमघर. पुण्याला पाणी मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. माशाची वाट मात्र तिन्हीकडनं बंद झाली. जे उरले ते सुरुंगाच्या दारूनं गेले. ती दारू उडवणारे बाहेरचे होते, तसे गावचेही होते. आबांनी तो मासा कधी घरात घेतला नाही. “गळाला न लागलेला मासा आपला न्हाई,” म्हणायचे.

1970च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खडशीची अंडी काढून पिल्लं वाढवली. तिथली बोटं-बोटं एवढी पिल्लं पुढं दूरदूरच्या पाण्यात सोडली गेली. काही कावेरीतही गेली आणि तिथल्या मूळच्या महसीरला जड झाली, म्हणतात तज्ज्ञ.

आबांना मी वळवणच्या पिल्लांबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांची नजर गेलेली होती. त्यांनी डबा मागितला. वरच्या चिंध्या बाजूला करत हात थेट तळाला घातला, एक दाभणाचा गळ चाचपून काढला आणि टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं. नखावर ओरखडा उठला, टोक घसरलं नाही. “तेल लाव याला,” ते म्हणाले.