एका हाकेची कुळकथा

सेवियात ग्वादालकिविर नदी ओलांडली की ट्रियाना लागतं. कुंभार, लोहार, खलाशी आणि हितानो, म्हणजे स्पेनचे जिप्सी, यांची ही जुनी वस्ती. तिथल्या एका चिमुकल्या नाट्यगृहात मी फ्लामेंकोला गेलो होतो. साठेक खुर्च्या, माइक नाही, आणि नशिबाने पहिली रांग. नर्तिकेच्या बुटांना टाचेशी आणि चवड्याशी ठोकलेल्या बारीक खिळ्यांची डोकी दिव्यात चमकत होती. तिने पाय आपटला की फळ्यांच्या फटींतली धूळ उडून माझ्या पायांवर बसायची.

गिटारवाला पोरगेलासा, फार तर एकोणीस-वीसचा. नाच सुरू व्हायच्या आधी त्याचा एकट्याचा तुकडा होता. मध्येच त्याचं अंगठ्याचं नख तुटलं (ही मंडळी नखांवर चिकटद्रव्याचा लेप चढवतात, तरी तुटतं) आणि एक सूर फसला. कान लालबुंद झाले बिचाऱ्याचे. शेजारी साठीचा गवई तळहात पोकळ धरून दबक्या टाळ्यांनी लय राखत होता. मान न वळवता, टाळीत खंड न पाडता तो पुटपुटला, "बामोस, चाबाल." चल, पोरा. पोरगा सावरला. तिसऱ्या रांगेतसुद्धा हे ऐकू गेलं नसेल.

चाबाल हा शब्द स्पेनमध्ये पावलोपावली कानावर पडतो. पोर, पोरगा, बेटा, जसा प्रसंग तसा अर्थ. मुक्कामी परतल्यावर मी स्पॅनिश अकादमीचा कोश उघडला तो निव्वळ सवयीने. तिथे व्युत्पत्ती अशी दिली होती: हितानोंच्या कालो बोलीतला 'चावो' म्हणजे मुलगा, त्याचं संबोधनाचं अनेकवचन 'चावाले', त्यावरून हा शब्द. लिहिताना व, बोलताना ब, कारण स्पॅनिशमध्ये या दोन अक्षरांचा उच्चार एकच. कालो ज्या रोमानी भाषेतून निघाली, तिच्या बाल्कन देशांतल्या बोलींत मात्र जुना उच्चार अजून शाबूत आहे. एक छावो, अनेक छावे. अगदी असाच, महाप्राण छ.

एक छावा, अनेक छावे. रात्री दीड वाजता मी पलंगावर उठून बसलो.

शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीमुळे मराठी माणसाला छावा म्हटलं की संभाजीराजेच आठवतात. आणि इथे ग्वादालकिविरच्या काठी एक म्हातारा गवई नख तुटलेल्या पोराला त्याच नावाने धीर देत होता.

मधला प्रवास एका दमात सांगतो. हजारेक वर्षांपूर्वी हितानोंचे पूर्वज भारतातून निघाले, इराण-आर्मेनियातून ग्रीकभाषिक बायझंटाइन राज्यात पोचले आणि तिथे पिढ्यानपिढ्या राहिले. म्हणून रोमानीत एक ते सहा आपल्या घरचे आणि सात, आठ, नऊ ग्रीकांचे: एफ्ता, ओख्तो, एन्या. १४२५ साली आरागॉनच्या राजाने 'छोट्या इजिप्तच्या डॉन हुआन'ला प्रवासाचा परवाना दिला, ती त्यांची स्पेनमधली पहिली नोंद. इजिप्तवाले म्हणून हितानो. १४९९ साली एका जागी बसा नाहीतर चालते व्हा असा हुकूम निघाला. जुलै १७४९मध्ये एकाच मोहिमेत सुमारे नऊ हजार जणांची धरपकड झाली. बोलीवर, पोशाखावर पुन्हापुन्हा बंदी आली. व्याकरण मेलं, शब्द उरले. आजची कालो म्हणजे स्पॅनिश वाक्यांत पेरलेले ते शब्द.

आता पंचाइत ऐका. मराठीला छ सोसत नाही, निदान घरच्या जुन्या शब्दांत. मत्स्याचा प्राकृतात मच्छ झाला, हिंदीत मछली झाली. आपण मासा खातो. हिंदीवाले पूछतात, आपण पुसतो. त्यांची छुरी ती आपली सुरी. छायेची सावली झाली आणि क्षणाचा सण. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर लिहिलेल्या ग्रंथात हा नियम मांडला आहे आणि तो मोडणं सोपं नाही. रोमानीत मासा म्हणजे माछो, सुरी म्हणजे छुरी. या हिशेबाने रोमानी छावोचा मराठी भाऊबंद 'सावा' असायला हवा. सावा आपल्याकडे आहे, पण ते भगरीच्या जातीचं धान्य!

म्हणजे आमचा छावाच उपरा ठरतो. मराठीत छ घेऊन आलेले छाती, छप्पर वगैरे बहुतेक शब्द उत्तरेकडचे पाहुणे आहेत. छावाही त्यांच्याच पंगतीतला. माझा अंदाज असा की तो हत्तींबरोबर आला. छावा म्हणजे मुळात प्राण्याचं पिल्लू, आणि आपल्याकडे विशेषकरून हत्तीचं. देशावर हत्ती दिसत ते फौजांबरोबर आलेले, माहुतांसकट, माहुतांच्या शब्दांसकट. याला एक आक्षेप मला मान्य आहे. लाडाचे शब्द ध्वनिनियमांना भीक घालत नाहीत. छकुला-छकुली मराठी आयांनी छ शाबूत ठेवूनच म्हटली ना? असेल तसंही. पण छकुला पाळण्यात असतो आणि छावा सोंड हलवत चालतो. मी हत्तीच्या बाजूने.

दुसरा आक्षेप संस्कृतवाल्यांचा. छावा 'शावक'वरून आला, मग प्राकृताचं मध्ये काय काम? तर रोमानी श जपते. सहाला शोव, दहाला देश, शंभराला शेल. शब्द थेट शावकावरून आला असता तर ही माणसं पोराला 'शावो' म्हणाली असती. छ आधीच झालेला होता. पालीत 'छाप' आहे, प्राकृतात 'छाव' आहे, आणि तोच हे लोक बरोबर घेऊन निघाले. तेव्हा मराठीशी त्यांचं नातं चुलत घरातलं. आपण तीन म्हणतो, ते अजून त्रिन. आपलं पाणी नपुंसकलिंगी राहिलं, त्यांचं पुल्लिंगी झालं.

हे नातं सांगितलं की कोणीतरी हमखास कथक काढतो. तत्कार आणि फ्लामेंकोचा पदन्यास सारखाच, फ्लामेंकोतला सोलेआ हा प्रकारही बारा मात्रांचा आणि एकतालही बाराचा, शिवाय त्यांची स्वरावली ऐकताना भैरवीची आठवण येते! तोनी गातलिफच्या १९९३च्या 'लाचो द्रोम' चित्रपटाने तर राजस्थानातून अंदालुसियापर्यंत एक सलग वाट काढून दाखवली. चित्रपट देखणा आहे, पण हिशेब जमत नाही. कथकला आजचं रूप लखनौ-जयपूरच्या दरबारांत आलं ते गेल्या अडीचशे वर्षांत, फ्लामेंको घडला तोही अठराव्या शतकाअखेरीपासून पुढे. निघालेली माणसं तोवर आठशे वर्षं दूर गेली होती. एकतालाचे दोन-दोनचे सहा विभाग. सोलेआचा जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. त्या रात्री मी बोटांवर मोजून पाहिलं, सातव्या मात्रेला घसरलो.

मला मात्र कुतूहल वेगळंच आहे. 'चावाले' म्हणजे 'पोरांनो'. स्पॅनिश लोकांनी हितानोंकडून 'मुलगा' हा शब्द घेतलाच नाही, त्यांनी हाक उचलली. कोणी बाई अंगणात उभी राहून 'चावालेऽ' ओरडायची. शेजाऱ्यांना वाटलं, हेच त्या पोराचं जातिवाचक नाव. मग एकट्या मुलालाही ते 'पोरांनो' म्हणू लागले. आपल्या गल्लीत परप्रांतीय शेजारी येऊन 'ए, एक बाळांनो इकडे ये' म्हणाला तर कसं वाटेल, तसं.

जाणकार सांगतात की कालो शब्द स्पॅनिशमध्ये शिरले ते तुरुंगांतून, चोरांच्या सांकेतिक भाषेमार्फत. काही शब्दांना हे लागू आहे. रोमानीत 'मांग' म्हणजे मागणे, आपलंच मागणे. कालोत त्याचं मांगार झालं, आणि आजच्या स्पॅनिशमध्ये मांगार म्हणजे चोरणे. मागणाऱ्याला चोर ठरवण्याचं काम शब्दकोशातही पार पडलं. पण चाबाल तुरुंगातून आला हे मी मानणार नाही. कोठडीत पोरांना जेवायला बोलावतं कोण? ही हाक ऐकू यायला भिंतीला भिंत लागून राहावं लागतं, आणि ट्रियानात तशी सोय होती. तिथल्या 'कोर्राल'ची रचना हुबेहूब आपल्या वाड्यासारखी: मध्ये अंगण, भोवती एकेक खोलीची बिऱ्हाडं, नळ आणि संडास सगळ्यांत मिळून. हितानो आणि बिगरहितानो तिथे शेजारी राहत. गाणंही तिथेच एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. गाण्याने त्यांचं 'दुका', 'दुकेला' उचललं, म्हणजे आपलं दुःख, आणि अंगणाने छावा.

एवढ्या खोलात शिरल्यावर 'फ्लामेंको' शब्दाला हात न लावणं बरं दिसणार नाही. मूळ अर्थ फ्लांडर्सचा रहिवासी. गाण्याला तो का चिकटला यावर मतं ढीगभर. जॉर्ज बॉरो या इंग्रज लेखकाने १८४१ साली लिहून ठेवलं की हितानोंना फ्लामेंको म्हणतात, परदेशी समजून. कोणी रोहित पक्षी आणला, कारण त्यालाही स्पॅनिशमध्ये फ्लामेंकोच म्हणतात. ब्लास इन्फान्ते या अंदालुसियन लेखकाने परागंदा शेतकरी अशा अर्थाचे दोन अरबी शब्द जोडून पाहिले. वाचायला रोमांचक, पुराव्याला शून्य. अठराव्या शतकात फ्लामेंको म्हणजे सुरीही असे. १८८१मध्ये देमोफिलोने, म्हणजे कवी माचादो बंधूंच्या वडिलांनी, या गाण्यांचा पहिला मोठा संग्रह छापला आणि हितानोंना फ्लामेंको का म्हणतात ते कळत नाही असं सरळ कबूल केलं. मला हा माणूस आवडतो. त्याच वर्षी हुगो शुखार्ट या जर्मन पंडिताने याच गाण्यांवर निबंध लिहिला, आणि दोनच वर्षांनी दीवच्या पोर्तुगीज बोलीवर. दीवपर्यंत आलेला माणूस दोन पावलं पुढे कोकणात उतरला असता तर कदाचित मला हा लेख लिहावाच लागला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रियानात कोर्राल शोधत हिंडलो. बहुतेक गेले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हितानो कुटुंबांना इथून हलवून शहराबाहेरच्या वसाहतींत नेलं. उरलेल्या अंगणांत कुंड्या आणि पर्यटक. एका चौकात चार मुलं भिंतीवर चेंडू मारत होती. वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, "चाबालेस!" म्हणजे मुळातल्या अनेकवचनावर स्पॅनिशने आणखी एक अनेकवचन चढवलेलं, 'पोरांनोंनो' म्हणावं तसं. चौघांपैकी एकही जागचा हलला नाही.