रेल्वेगाडीनंतरचे विमान: दिल्लीतील वेळेचा हिशेब

रेल्वेने दिल्ली गाठून पुढे विमान पकडणाऱ्या प्रवाशाने वेळ उड्डाणापासून नव्हे, तर चेक-इन बंद होण्याच्या क्षणापासून मागे मोजावी. देशांतर्गत प्रवासासाठी सामान स्वीकारणारे काउंटर साधारणतः उड्डाणापूर्वी ६० मिनिटे बंद होतात. नवी दिल्ली स्थानकाच्या अजमेरी गेट बाजूकडून सुटणारी एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो सुमारे २० मिनिटांत टर्मिनल ३ गाठते. मात्र मुंबईहून येणारी प्रत्येक राजधानी नवी दिल्लीला जात नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटणारी राजधानी हजरत निजामुद्दीनला संपते आणि तेथे ही मेट्रो नाही. टर्मिनल १ तर निराळ्याच, मॅजेंटा मार्गिकेवर आहे. तिकिटावरील टर्मिनल आधी पाहिलेले बरे.

खरी अडचण डिसेंबर-जानेवारीतील धुक्याची. उत्तरेकडील गाड्या तेव्हा कित्येक तास रखडतात आणि चार तासांचे अंतरही अपुरे पडू शकते. धुक्याने विमानही लांबते, पण त्या भरवशावर राहता येत नाही. आदल्या दिवशी पोहोचणेच इष्ट.

दोन रेल्वेप्रवासांचे पीएनआर जोडल्यास, पहिल्या गाडीच्या विलंबामुळे चुकलेल्या दुसऱ्या गाडीचे पैसे परत मिळण्याची सोय १ एप्रिल २०१९ पासून आहे. रेल्वे व विमान यांच्या स्वतंत्र तिकिटांमध्ये असा दुवा नसतो. गाडी कितीही उशिरा आली, तरी विमान कंपनीच्या लेखी तो प्रवासी केवळ गैरहजर असतो, आणि त्याला बहुधा काही कर व विमानतळ शुल्क एवढेच परत मिळते.