हुतुतूची फळी : जुने गडी, नवी मांडणी

आपल्याकडे व्याख्यानमाला म्हटली की आरमारावर बोलणे होते, किल्ल्यांवर होते, पेशवाईवर तर हटकून होते. आम्ही आज १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद एवढ्याच भूमीचा इतिहास सांगणार आहोत. ह्या भूमीवर राज्ये बुडत नाहीत. पण दर अर्ध्या मिनिटाला तीवर एक स्वारी येते, आणि ती परतवायची तर सात माणसांनी कोठे उभे राहावे हा प्रश्न उभा राहतो. गेल्या शंभर वर्षांत ह्या प्रश्नाचे उत्तर तीन-चार वेळा बदलले. प्रत्येक वेळी काही नामांकित गडी एकाएकी निरुपयोगी ठरले आणि ज्यांचे नावही कोणी घेत नव्हते असे काही गडी मोठे झाले. चढाई करणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. आम्ही बोलणार आहोत ते पकड करणाऱ्यांविषयी.

आज आपण कबड्डी म्हणतो तो खेळ पूर्वी एक नव्हता. महाराष्ट्रात हुतुतू, मद्रासेकडे चेडुगुडू, बंगालात हाडुडू अशी त्याची नावे होती, आणि नावांपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे त्याचे प्रकार निरनिराळे होते. संजीवनी, गामिनी आणि अमर हे त्यांतले तीन मुख्य. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडीत नसे. विरुद्ध पक्षाला गुण मिळे, एवढेच. गामिनीत बाद झालेला गडी आपला सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येई.

ह्या तीन नियमांतून पकडीच्या तीन निरनिराळ्या विद्या निर्माण झाल्या. अमरवर वाढलेल्या गड्याच्या दोन्ही बाजूंस नेहमी भरलेली फळी असे. दोघातिघांनी मिळून अंगण राखण्याची वेळ त्याच्यावर येतच नसे. गामिनीचा गडी नेमका उलटा. साथीदार एकदा गेला की लवकर परतत नाही हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो एकट्याने पकड करायला शिके आणि तितक्याच निगुतीने स्वतःचे अंग वाचवायलाही शिके. १९२३ साली बडोद्यास नियम छापले गेले व त्यांप्रमाणे सामने झाले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी ह्या खेळाचे प्रदर्शन केले. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडामहोत्सवात त्याला जागा मिळाली. आणि १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. ह्या सगळ्या खटपटीत टिकला तो संजीवनीचा नियम. अमर आणि गामिनी खेळणाऱ्या गड्यांपुढे मग प्रश्न आला : आता आम्ही उभे कोठे राहावयाचे?

संजीवनीची गोम अशी की, फळीची संख्या पळापळाला बदलते. आत्ता सात, घटकाभरात चार, पुन्हा सहा. त्यातून बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. नायकाच्या मर्जीने नव्हे. डावा कोपरा सांभाळणारा बाहेर आणि मधले दोघे आत, अशी वेळ एका सामन्यात दहादा येते. म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या जागेखेरीज आणखी एक जागा यावी लागते. सातजणांची मांडणी अशी : दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी त्यांचे जोडीदार, त्यांच्या आत दोन मध्यरक्षक आणि सर्वांच्या मधोमध एक. कोपरा हात धरून जोडीदाराशी जोडलेला, हीच साखळी. कोपऱ्याचे काम वाकून घोटा किंवा मांडी धरण्याचे, मध्यरक्षकाचे काम परतीची वाट अडवून उभ्या अंगाने धडक देण्याचे. चढाई करणाऱ्याच्या उजव्या हाताला फळीचा डावा कोपरा येतो, आणि उजव्या हातापायाचे गडी जगात जास्त; तेव्हा डाव्या कोपऱ्यावर नेहमीच अधिक भार पडतो.

हिशेबही कठोर आहे. साखळीने झडप घातली आणि चढाई करणारा निसटून मध्यरेषेला पोचला, तर ज्यांचा ज्यांचा त्याला स्पर्श झाला ते सारे बाद. तिघांनी एकदम झेपावणे म्हणजे एका गुणासाठी तीन पणाला लावणे. गामिनीत एकट्याने पकडी करून नाव मिळवलेल्या गड्याला हे पटणे सोपे नव्हते. आपली घटका साधली की तो झेपावे. साखळी मागे ओढली जाई आणि जोडीदार फुकट बाद होई.

रत्नागिरी जिल्ह्यात ह्या खेळाची शाळा म्हणजे भातकापणीनंतर मोकळा झालेला मळा, नाहीतर देवळापुढची जागा. त्या काळचा गडी अनवाणी, मातीत घसरून पाय धरणारा. हीच मुले पुढे मुंबईच्या गिरण्यांत गेली. लालबाग-परळच्या चाळींत रत्नागिरीकर किती होते ते आपल्यापैकी ज्यांच्या घरी मुंबईहून मनीऑर्डर येत असे त्यांना सांगावयास नको. गिरणगावच्या व्यायाममंडळांत ह्या मुलांना पहिल्यांदा शिस्तीची फळी भेटली. गावच्या खेळात जो जिथे सापडेल तिथे धरी. मंडळात मात्र 'ही तुझी जागा, इथून हलू नकोस' असे सांगणारा नायक होता. सुट्टीत गावी आले की ही मुले तीच मांडणी मळ्यात आणीत, आणि घरी राहिलेल्या भावांशी त्यावरून कडाक्याचे वाद होत. कोकणातील कबड्डीचा कस ह्या येण्याजाण्यात तयार झाला असे आमचे मत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि ही वाट अरुंद झाली.

नव्या मांडणीत जुने गडी बसवण्याची अडचण काही कबड्डीपुरती नाही. अमेरिकेतील फुटबॉलात अकरा गड्यांची बचावफळी असते. कोणी आघाडीला चार व पाठीशी तीन ठेवतात, कोणी आघाडीला तीन व पाठीशी चार. शिक्षक बदलला की मांडणी बदलते. मग काल जो टोकाला हात जमिनीला टेकून समोरच्यावर तुटून पडे, त्याला आज उभ्याने खेळ पाहावा लागतो, प्रसंगी मागे धावत जाऊन चेंडूही अडवावा लागतो. आपल्याकडचे उदाहरण मोठे आणि दुःखाचे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ आणि त्याच्या तोफा हा मराठी फौजेच्या डाव्या अंगाचा आधार होता. शेजारी होते विंचूरकर आणि गायकवाड ह्यांचे घोडेस्वार. समोरचा रोहिला मागे हटतो असे पाहताच ते जागा सोडून पुढे सुटले आणि आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आले, असे सांगतात. शूर कोण आणि भित्रा कोण हा तेथे प्रश्नच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या मैदानावर वाढलेल्या स्वाराला 'थांब' हा हुकूम अंगवळणी पडला नव्हता.

कबड्डीकडे परत येऊ. २०१४ साली प्रो कबड्डी स्पर्धा सुरू झाली आणि तिच्याबरोबर जे नियम घरोघरी पोचले त्यांनी फळीचे गणित पुन्हा फिरवले. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता त्यांनी पकड केली तर दोन गुण. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. म्हणजे पूर्वी तीन गडी उरलेला संघ लोण चढण्याची वाट पाहात अंग चोरून उभा राही, तो आता शिकारीला उभा राहू लागला. गामिनीत शिकलेली एकट्यादुकट्याची पकड, जी संजीवनीच्या शिस्तीत दोष मानली गेली होती, तिला अशी पुन्हा किंमत आली. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत गमतीचे वळण हेच.

त्याच वेळी पायांखालची जमीन बदलली. मातीवर कोपरा घसरत जाऊन घोटा धरी. मॅटवर अंग घसरत नाही, ते चिकटते. बूट आले, वळणे जलद झाली. निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, तिच्यामागे १ मीटरवर बोनस रेषा, आणि त्यापलीकडे कोपऱ्याला मागे सरायला उरते १.७५ मीटर. एवढ्या पट्टीत, चिकटणाऱ्या मॅटवर, पाय न सरकवता झेप घ्यावयाची. मातीवरचे कित्येक कोपरारक्षक इथे अडखळले. हरियाणाचे उंच, भरदार गडी पुढे आले आणि महाराष्ट्र मागे पडला अशी हाकाटी झाली. ती अगदीच खोटी नव्हती. पण २०१८ च्या जानेवारीत हैदराबादेस महाराष्ट्राच्या पुरुषांनी सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणले, आणि त्या संघात गिरीश इरनाकसारखा मराठी डावा कोपरा होता.

खरा धक्का बाहेरून आला. इराणच्या गड्यांना आपल्या मातीच्या सवयी नव्हत्या, त्यामुळे मोडावयाच्याही नव्हत्या. कुस्तीची परंपरा असलेला तो देश. त्यांनी कुस्तीतले धरणे साखळीत आणले. आपण गड्याला मांडणीत बसवीत होतो, त्यांनी गड्याच्या अंगी असलेल्या विद्येवरून मांडणी बेतली. १९९० पासून एशियाडात भारताच्या पुरुषांनी सुवर्णपदक सोडले नव्हते. २०१८ साली जाकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणने त्यांना २७-१८ असे हरवले. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामनाही इराणने २७-२४ असा जिंकला. त्या महिलासंघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

पुढचा एशियाड हांगचौला २०२३ साली झाला. ७ ऑक्टोबरला पुरुषांच्या अंतिम सामन्यात पुन्हा भारत आणि इराण. गुण २८-२८, शेवटचा मिनिटभर खेळ उरलेला. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणाला स्पर्श होण्याआधीच बाजूच्या राखीव पट्टीत पडला; इराणचे रक्षक त्याच्यामागोमाग त्याच पट्टीत गेले. आता बाद कोण? एका नियमाने एकटा पवन, दुसऱ्या नियमाने पट्टीत गेलेले रक्षकसुद्धा. दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, पंचांचा निर्णय फिरला, पुन्हा फिरला, सामना बराच वेळ थांबला. अखेर भारत ३३-२९ असा विजयी ठरला. इराणच्या त्या रक्षकांनी सवयीप्रमाणे जे करावयाचे तेच केले होते : सुटणाऱ्या गड्याचा पाठलाग.