कागदावरचे मांडे

'मनातले मांडे खाणे' हा वाक्प्रचार महाराष्ट्रातल्या मुलांना एकदाच शिकावा लागतो. आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या मुलांना मात्र तो दोनदा भेटतो. एकदा मराठीच्या तासाला आणि एकदा कन्नडच्या. कन्नड माणूसही मनातल्या मनात जे खातो ती 'मंडिगे'च. लाडू नाही, जिलबी नाही, मांडेच! दोन भाषांनी स्वप्नरंजनासाठी एकच पदार्थ निवडावा, हे माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षिकेला गप्प बसू देणारे नव्हते.

त्यातून आमच्याकडे लग्नाच्या रुखवतात मांड्यांची चवड लागते आणि ती लागली की पाहुण्यांत कोणीतरी विचारतेच, "हे मूळचे तुमचे की त्यांचे?" या प्रश्नावर जेवणाच्या पंगती तापलेल्या मी पाहिल्या आहेत. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता. तेव्हा ठरवले, जुने ग्रंथ काढायचे आणि त्यांत जे लिहिले आहे ते घरी, मागच्या अंगणात करून बघायचे. पाककृतीचा इतिहास नुसता वाचून भागत नाही. धान्य भिजत घातल्याखेरीज ग्रंथातल्या ओळीचा अर्थच उलगडत नाही.

आरंभ अर्थातच 'मानसोल्लासा'पासून. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने 1130च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तिथे आजही मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू एकाच बाजारात नांदतात. या ग्रंथाच्या प्रकाशनाची हकीकतही आपल्या कामाची आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत श्रीगोंदेकरांनी त्याचा पहिला खंड 1925 मध्ये आणि दुसरा 1939 मध्ये काढला. अन्नाचे प्रकरण दुसऱ्या खंडात आहे. मधेच 1926 मध्ये म्हैसूरहून शामशास्त्र्यांनी, म्हणजे कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' उजेडात आणणाऱ्या विद्वानांनीच, त्याचा काही भाग 'अभिलषितार्थचिंतामणी' या दुसऱ्या नावाने छापला. मराठी राजाचे संस्थान आणि कन्नड राजाचे संस्थान, दोघेही एकाच पोथीवर काम करीत होते. भांडण कोणाचेच नव्हते.

सोमेश्वराच्या अन्नप्रकरणात 'मंडक' आहे, 'पोलिका' आहे, निखाऱ्यावर भाजलेली 'अंगारपोलिका' आहे. 'इडरिका' आणि 'धोसक' हेही आहेत. म्हणजे पोळीवाले आणि इडली-डोसेवाले एकाच राजाच्या पंगतीला बसलेले! मंडकाची कृती थोडक्यात अशी: गहू धुवावेत, उन्हात वाळवावेत, जात्यावर दळून चाळावेत, तूप-मीठ घालून मळावे, गोळा हाताने फैलावून तापल्या खापरावर टाकावा. बस्स. प्रमाण नाही, वेळ नाही.

माझ्या सुनेचा पहिला प्रश्न, "अहो आई, गहू धुऊन दळायचे कशाला? गिरणीवाला उभा करणार नाही." ती मूळची गुलबर्ग्याची. मोबाईलवर बघून केक करते, लोकरीच्या बाहुल्या विणते, आणि तिचे चुकत नाही. पण या प्रश्नाचे उत्तर मोबाईलमध्ये नव्हते, ते माझ्या निपाणीच्या आजीच्या परातीत होते. आजी सणाचे सपीट काढताना गहू ओलवून, फडक्यात बांधून ठेवी आणि किंचित दमट असतानाच दळी. ओलावलेला कोंडा चिवट होतो, त्याचा भुगा न होता मोठाल्या पापुद्र्यांनी सुटतो, आणि चाळणीखाली पांढरेशुभ्र पीठ उतरते. आजच्या मैद्याच्या गिरण्यांतही दळण्याआधी गव्हाला पाणी देतात ते याचसाठी. सोमेश्वराने अर्ध्या ओळीत जे सांगितले त्यामागचे कारण त्याला बहुधा ठाऊकही नसेल. ज्यांना ठाऊक होते त्या दळत होत्या.

आणि गंमत अशी, की त्या बायका याच ग्रंथात दुसरीकडे भेटतात. गाण्याच्या प्रकरणात सोमेश्वर म्हणतो, की महाराष्ट्रात कांडताना स्त्रिया ओवी गातात. ओवीचा हा फार जुना उल्लेख म्हणून मराठीचे अभ्यासक तो आवर्जून सांगतात. राजाने त्यांचे गाणे ऐकले, टिपून ठेवले. पण त्या काय कांडत होत्या, किती वेळ, कसे, हे विचारायचे राहून गेले. जुन्या पाकग्रंथांतली खरी रिकामी जागा ही आहे, आणि माझ्या मते 'तुमचे की त्यांचे' या वादापेक्षा ती कितीतरी मोठी आहे.

आम्ही 2 किलो गहू धुऊन वाळवले. खापर कुंभाराकडून मुद्दाम करून घेतले. त्यावर भाजलेला मंडक मऊ होतो, अंगावर तपकिरी ठिपके उमटतात आणि घडी घातली तरी मोडत नाही. आमच्या बेळगावच्या मांड्याचे तसे नसते. तो पालथ्या लोखंडी कढईवर भाजतात, आत पिठीसाखर, खसखस, वेलदोडा. गरम असतानाच रुमालासारखी चौकोनी घडी घालायची, कारण निवताच तो कडक, कुरकुरीत होतो आणि दिवसचे दिवस टिकतो. सोमेश्वराच्या मंडकाशी जवळचे नाते लागते ते खानदेशातल्या खापरावरच्या पुरणाच्या मांड्याचे, जो हातावर, कोपरापर्यंत वाढवत नेतात. तेव्हा आमच्या बेळगावकरांनी जरा नमते घ्यावे. नाव आपण राखले, पण जुना मऊपणा तापीकाठाने राखला, असे माझे मत झाले आहे. मुक्ताबाईच्या कथेतही अडते ते खापरापाशीच. विसोबाच्या धाकाने कुंभार खापर देईना, म्हणून ज्ञानेश्वरांची पाठ तापली.

मंडकाच्याही शंभर वर्षे आधीचा एक कन्नड ग्रंथ आहे, चावुंडरायाचा 'लोकोपकार'. काळ 1025च्या आसपासचा. नावाप्रमाणेच लोकांच्या उपयोगाचा. विहीर कुठे खणावी, घर कसे बांधावे, झाडांची निगा, अत्तरे, विषावर उतारा आणि स्वयंपाक, सगळे एका जागी. आजची मंडळी मोबाईलवर जे जे शोधतात ते सगळे यात आहे म्हणा ना. 2006 साली सिकंदराबादहून त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. त्यात उडीद ताकात भिजवून, बारीक वाटून, दह्याच्या निवळीत कालवून, त्यात हिंग, जिरे, धणे, मिरे घालायला सांगितले आहे. तांदूळ मुळीच नाही. ही इडलीची पणजी. आम्ही ते पीठ वाफवलेही आणि तुपात तळलेही. वाफवलेले चिकट लागते. तळलेले मात्र नातवंडांनी ताटात पडू दिले नाही.

पुढची पाचशे वर्षे घाईने ओलांडते. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिसऱ्या मंगरसाने कन्नडात षट्पदी छंदात 'सूपशास्त्र' लिहिले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ नवहस्तांनी 'भोजनकुतूहल' रचले. त्यांचा संबंध समर्थ रामदासांशी तसाच तंजावरच्या व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्याशीही होता. त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीच्या काळात (1798 ते 1832) राजवाड्यातल्या पाककृती मोडी लिपीत, मराठीत उतरवल्या गेल्या, आणि त्यांत इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांनाही जागा मिळाली. तमिळ मुलखात बसून मराठीत इंग्रजी पदार्थ! दुभाषी घरात वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

मग छापखाना आला. 1875 साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पाकग्रंथांतले हे एक, आणि नाव मंगरसाच्या ग्रंथाचेच. त्या काळचे ग्रंथ चुलीवर ठेवायचे तर आधी हिशोबाला बसावे लागते. शेर म्हणजे किती? मुंबईचा शेर 28 तोळ्यांच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅम. त्यातून मापी शेर वेगळा, वजनी वेगळा. साखर पक्क्या शेराने आणि पीठ मुंबईच्या शेराने घेतले तर जे होईल ते गाईलाही घालवणार नाही. मेट्रिक वजने आली 1958 पासून, पण आमच्या आईच्या तोंडून पावशेर-छटाक कधी गेला नाही.

1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आले, आणि बाईने बाईसाठी लिहिलेला ग्रंथ घराघरांत शिरला. 1970 साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' निघाली तेव्हा शेराचा गोंधळ एका युक्तीने मिटला. माप वाटीचे आणि चमच्याचे. वाटी कोणतीही घ्या, प्रमाण तेच राहते. मला विचाराल तर हा शोध कोणत्याही राजाच्या ग्रंथापेक्षा मोठा आहे. 'रुचिरा' किर्लोस्करांनी काढली, आणि त्या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ 1888 साली आमच्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाला, हे जाता जाता सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

पुस्तकाबाहेरचेही काही असते. आईच्या ट्रंकेत मासिकांची कात्रणे होती, 'दोन सुलट, दोन उलट'ची, आणि त्यांच्या खाली कशिद्याचा एक जीर्ण तुकडा. धारवाडकडची कसुती. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी असे तिचे चार टाके. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, गाठ कुठेच मारायची नाही. छापाशिवाय, कापडाचे धागे मोजून गोपूर, तुळशीकट्टा, हत्ती काढायचे. कुठे लिहिलेले नव्हते. तो फडक्याचा तुकडा हेच पुस्तक. सुनेने त्यावरून धागे मोजत चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवून घेतली आणि उशीच्या अभ्र्यावर तुळशीकट्टा भरला.

मांड्यांसाठी मात्र आम्ही शेवटी गेलो ते आमच्याच गल्लीमागच्या एका अक्कांकडे. वय 78, चाळीस वर्षे लग्नाघरी मांडे भाजलेले. मराठी समजते, बोलतात कन्नड. मी मराठीत विचारायचे, त्यांनी कन्नडात सांगायचे. मी विचारले, "अक्का, साखर किती?" त्यांनी मूठ दाखवली. सुनेने ती मूठ तराजूत रिकामी करायला लावली. तीनदा. 62 ग्रॅम, 60 ग्रॅम, 61 ग्रॅम! अक्का हसून म्हणाल्या, "तुमचा तराजू बरा आहे."

पीठ, तूप, साखर, तिंबण्याचा वेळ, सगळे आम्ही टिपले. वहीचे डावे पान मराठीत, उजवे कन्नडात, सुनेच्या अक्षरात. लाटून झाल्यावर अक्का तो हातावर कसा फैलावतात याचे चित्रण नातवाने मोबाईलवर केले. अडले एका जागी. कढई नेमकी किती तापली की मांडा टाकायचा? अक्का पाण्याचा शिंतोडा मारतात आणि आवाज ऐकतात. चित्रणात तो आवाज चुलीतल्या लाकडांच्या तडतडीत बुडाला. "विझलेल्या निखाऱ्यांवर घेऊ पुन्हा," असे नातू म्हणाला. त्यावर अक्कांनी त्याला कन्नडात असे काही सुनावले, की त्याने मुकाट्याने मोबाईल खिशात घातला आणि बादलीतले पाणी बोटांवर घेऊन कढईपाशी उकिडवा बसला. त्या दिवशी त्याच्याकडून पाच वेळा शिंतोडा मारून घेतला. पाचव्या वेळी अक्का म्हणाल्या, "हां, ईग हाकु." आता टाक.

वहीच्या दोन्ही पानांवर ती ओळ अजून कोरी आहे. तुळशीच्या लग्नानंतर अक्कांच्या पुतणीच्या घरचे कार्य आहे, 200 मांड्यांचे. नातवाला त्यांनी बोलावले आहे.