एकावन्नाव्या बाईचं मूल

जुन्या बालवाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आपल्या वेळी कुठलं लायसन, कुठलं इन्स्पेक्शन? तरी वाढलोच की आपण." मी विद्यानगरात १९८६ ते २००१ अशी पंधरा वर्षं घरी पाळणाघर चालवलं, त्यामुळे या वाक्यावर बोलायचा थोडा हक्क सांगते. ते अर्धंच खरं आहे. लहान मुलांच्या खोलीची उंची किती, भिंत कशी, दूध किती, पाणी किती याचे लेखी नियम आपल्या हुबळीला आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधीपासून लागू होते. फक्त ते आपल्या मुलांसाठी नव्हते.

हुबळी हे मुळात कापसाचं गाव. 'धारवाड-अमेरिकन' नावाचा कापूस एकोणिसाव्या शतकातच विलायतेच्या बाजारात माहीत होता. सदर्न मराठा रेल्वे आली, वर्कशॉप आलं, आणि आपल्यातली कितीतरी घराणी त्या रुळांवरूनच इथे पोचली. कुणी फिटर, कुणी गार्ड, कुणी तारमास्तर. आपल्या आठवणींत वर्कशॉपचा भोंगा असतोच. पण कापसाच्या जिनात, प्रेसमध्ये आणि गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका आपल्या आठवणींत फारशा नसतात. सरकी वेगळी करायचं काम बायकांचं. हंगामी, रोजंदारीचं. अंगावरचं मूल घरी कुणाकडे ठेवणार? ते बरोबरच यायचं. कापसाच्या ढिगाशेजारी, धुळीत आणि तंतूंत निजायचं.

मुंबईच्या गिरण्यांत याहून वाईट चाललं होतं. कामावर जाताना बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' द्यायची रीत होती. १९२० च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळं अहवालात लिहून ठेवलं. गोळी देणाऱ्या आईला नावं ठेवणं सोपं आहे. दहा तास यंत्रापाशी उभी राहणारी बाई दुसरं काय करणार होती, हा प्रश्न व्हिटली साहेबांच्या मजूर आयोगापर्यंत जायला १९२९ ते ३१ साल उजाडलं. पुढे १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात, पन्नासांहून जास्त बायका असतील तिथे मुलांसाठी खोली मागायचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला, आणि १९४८ च्या कायद्याने ४८ व्या कलमात ते सक्तीचं केलं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी उजेडाची, हवेशीर, स्वच्छ खोली, आणि ती सांभाळायला बाळांच्या संगोपनाचं शिक्षण घेतलेली बाई. त्याच कायद्याचं २७ वं कलम तर आपल्यासारख्या कापूसगावांसाठीच लिहिल्यासारखं होतं. कापूस पिंजून मोकळा करणारं यंत्र, म्हणजे कॉटन ओपनर, जिथे चालू असेल तिथे प्रेसमध्ये बाई किंवा मूल कामाला ठेवायचं नाही.

हे नियम वाचताना मला फार गंमत वाटते, कारण ते लिहिणाऱ्याने मूल पाहिलेलं होतं. खोलीची उंची बारा फूट. प्रत्येक मुलामागे वीस चौरस फूट जागा. जमीन आणि चार फुटांपर्यंतची भिंत गुळगुळीत, पाणी न मुरणारी. चारच फूट का, तर मुलाचे हात आणि बाकी सगळं तिथपर्यंतच पोचतं! प्रत्येकाला पाळणा किंवा खाट, अंथरुणासकट. आईला दूध पाजायला बसण्यासाठी निदान एक खुर्ची. दर चार मुलांमागे हात-तोंड धुवायचं एक भांडं. मुलामागे रोज पाच गॅलन पाणी. रोज अर्धा पाइंट, म्हणजे साधारण पाव लिटर, शुद्ध दूध. कामाच्या मधे बाळाला पाजायला आईला पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्या. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात, म्हणजे नियम मुंबईचे आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरही मुंबई सरकारचा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. पुढे १९६९ चे फॅक्टरी नियम आले तरी पाळण्याचा मजकूर फारसा बदलला नाही. दूध, भिंत, पाळणा भाषावार प्रांतरचनेतून सुखरूप निसटले म्हणायचे.

खरी गोम त्या 'पन्नासांहून जास्त' मध्ये होती. एकावन्नावी बाई कामावर आली की मालकावर पाळणाघर बांधायची पाळी. मग ती कामावर येईलच कशाला? हजेरीपटावर बायका पन्नासाच्या आतच ठेवायच्या ही युक्ती देशभर चालली, आणि १९७६ मध्ये आकडा तीसवर आणला तेव्हा नवी रेघ तीसची झाली. कंत्राटी कामावर वीस बायकांचा आकडा, बांधकामावर पुन्हा पन्नासांहून जास्त, विडीच्या १९६६ च्या कायद्यातही तेवढाच. निपाणीच्या तंबाखू-विडीच्या बायका आपल्याला परक्या नाहीत, कित्येकांच्या नात्यातल्या आहेत. पण विडी घरी बसून वळली तर कारखानाच उरत नाही, मग कलम लागू कुठे व्हायचं? सगळीकडे मोजल्या जात होत्या त्या बायका. मुलं कुणी मोजतच नव्हतं. आणि रेल्वे वर्कशॉपात एवढे बाप कामाला असून त्यांच्या पोरांचा हिशेब कुठल्याच कलमात नव्हता, कारण मूल फक्त आईला असतं असं कायद्याचं तेव्हाचं मत.

आता आपल्या, म्हणजे मध्यमवर्गीय, बाजूला येते. माझी एक मावशी १९६० च्या आसपास धारवाडला माळमड्डीत बालवाडीत शिकवायची. दगडी वाड्याची पुढची ओसरी, तीस-बत्तीस मुलं, एक मावशी आणि एक हेळवी आजी. घरात ताराबाई मोडकांच्या 'शिक्षण पत्रिके'चे जुने अंक होते. ताराबाई आणि गिजुभाईंनी भावनगरात १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, या कल्पनेतून 'अंगणवाडी' आली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली तेव्हा देशभर तोच शब्द घेतला गेला. आज आपल्या शेजारच्या कानडी अव्वा सहज 'अंगनवाडी' म्हणतात तो शब्द आपल्या बोर्डी-कोसबाडकडून आलेला आहे, एवढी फुशारकी मारायला हरकत नाही.

पण ताराबाईंच्या साहित्यात मुलाचं मन, हात, डोळे, स्वातंत्र्य यांवर जितकं आहे तितकं विहिरीच्या कठड्यावर नाही, आणि मावशीच्या वाड्यात विहीर होती. शिवाय तांब्याचा बंब, धगधगीत निखाऱ्यांसकट, मोरीच्या दाराशी. मावशीने ओसरीच्या पायरीवर चुन्याची रेघ ओढली होती. रेघेपलीकडे गेलं की त्या दिवशी झोपाळा नाही. तिची तपासणी करायला कुणी आलं नाही. मुलांच्या आज्या मात्र यायच्या, रोज, न सांगता, पदराने नाक पुसत. त्यांच्याइतकी कडक तपासणी मी पुढे पाहिली नाही.

माझं पाळणाघर सुरू झालं तेव्हा या आज्या गावी राहिल्या होत्या आणि सुना बँकेत, एलआयसीत, शाळेत, इस्पितळात नोकरीला लागल्या होत्या. नोंदणी कुठे करायची याची चौकशी केली तर प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर. दुकान म्हणावं तर दुकान नाही, शाळा म्हणावी तर शाळा नाही, अनाथाश्रम तर नाहीच नाही. (आजही गंमत अशी की बालसंगोपन संस्थांची नोंदणी आणि तपासणी समित्या २०१५ च्या बालन्याय कायद्यात आहेत, कलम ४१ आणि ५४. पण तो कायदा निराधार मुलांच्या निवासी संस्थांचा. संध्याकाळी सहाला आई न्यायला येते त्या मुलाचा नाही.) पंधरा वर्षांत एकदाच एका कार्यालयाचा माणूस आला. नाव नको. त्याने फाटकावरच्या पाटीची लांबी-रुंदी मोजली, व्यापारी वापर आहे का विचारलं, आणि चहा घेतला. खुर्ची नेमकी संपाच्या झाकणावर होती.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. आमच्याकडे 'संप' म्हणजे हरताळ नव्हे, अंगणातली जमिनीखालची पाण्याची टाकी. हुबळीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी. नीरसागर झालं, मलप्रभेचं पाणी आलं, २००८ च्या सुमाराला काही वॉर्डांत चोवीस तास पाणीही झालं, पण आपल्या घरांतली पिंपं, हंडे, बादल्या, संप काही हलले नाहीत. लहान मुलाच्या दृष्टीने हुबळीतलं सगळ्यात धोक्याचं ठिकाण रस्ता नाही, चूल नाही, साठवलेलं पाणी. आमच्या पलीकडच्या गल्लीत दीड वर्षाचं मूल घरच्याच मोरीत अर्ध्या भरलेल्या पिंपात पालथं झालं आणि गेलं. आई दारात भाजी घेत होती. आवाज आला नाही. बुडणाऱ्या लहान मुलाचा आवाज येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्याच आठवड्यात संपाला लोखंडी झाकण आणि कुलूप, पिंपांना घट्ट झाकणं, मोरीला बाहेरून कडी. मुंबईच्या नियमांत मुलामागे पाच गॅलन पाणी होतं. हुबळीत त्याला झाकणही लिहायला हवं होतं.

माझी खरी तपासणी केली ती इस्पितळातल्या एका सिस्टरने. मूल ठेवायच्या आधी दोन तास येऊन बसली. खेळणी पाहिली नाहीत, भिंतीवरची चित्रं पाहिली नाहीत. विचारलं एवढंच, "काकू, मुलं किती आणि हात किती?" मग म्हणाली, "स्वयंपाकघरात पेट घेतला तर पहिल्या खेपेला कुणाला उचलाल?" मी आणि मदतीची अक्का मिळून चार हात. म्हणजे न चालणारी मुलं चारच. त्या दिवसापासून तो आमच्याकडचा नियम झाला. पाचव्या तान्ह्याला मी नाही म्हणायचे. दोन आयांनी त्यावरून बोलणं टाकलं, एक तर आपल्याच मंडळींतली. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक माणूस, तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक, असं प्रमाण आहे. दहा तान्ही आणि दोन हात? मला ते आजही पटत नाही.

सिस्टरचा दुसरा प्रश्न त्या वेळी काहींना अभद्र वाटला होता. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून गवती छपराला आग लागली आणि ९४ मुलं गेली. जिना अरुंद होता. डोळ्यांनी पाहिलं कुणी नव्हतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांना अग्निसुरक्षा सक्तीची केली ती याच प्रकरणातून. मग नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्ही चित्रण सगळ्या मराठी घरांनी पाहिलं, दहा महिन्यांच्या बाळाला मारतानाचं. माझं पाळणाघर बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी चार जुन्या आयांचे फोन आले. कॅमेरा नसता तर कळलं नसतं हे खरं. पण कॅमेरा मारणारा हात पकडतो, संपाचं झाकण लावत नाही.

त्यानंतर हालचाल झाली. २०१७ मध्ये खासगी प्ले-स्कूलसाठी राष्ट्रीय बालहक्क आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं आली. मान्यता, अग्निसुरक्षा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, वीस मुलांमागे एक शिक्षिका. पण ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. त्याच वर्षी प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा. २०२० च्या कामगार संहितेत तर आकडा 'कामगारां'चा आहे, बाई-पुरुष दोघांचा. वर्कशॉपातल्या बापांना सत्तर-बहात्तर वर्षांनी मुलं झाली! आणि रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात मला सगळ्यात आवडलेली तरतूद: कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली की त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला तीच मजुरी द्यायची. इथे बायका नाही, मुलं मोजली. आपल्या राज्याने त्याच मजूर आयांसाठी २०२३ पासून ग्रामपंचायतींत 'कूसिन मने', म्हणजे बाळाचं घर, काढायला घेतलं, चार हजार ग्रामपंचायतींत. खेड्यातल्या मजूर बाईच्या बाळासाठी कागद आहे. विद्यानगरातल्या फ्लॅटमध्ये आठ तान्ही सांभाळणाऱ्या काकूंकडे अजूनही पाटीच मोजली जाते.

सध्या आमच्या सुनेचा गोकुळ रोडच्या बाजूला शोध चालू आहे. दोन ठिकाणं पाहून आली. एकीकडे भिंतीवर आगीची लाल बाटली होती. तिने तारीख वाचली, तीन वर्षं उलटलेली. दुसरीकडे बाटली ताजी, पण संपाचं झाकण फुटलेलं, वर फळी. तिने बाईंना सांगितलं, लोखंडी झाकण बसलं की येते. बाईंनी पुढच्या सोमवारचा वायदा केलाय.

तुमच्यापैकी कुणाची आजी-पणजी हुबळीच्या जिनात किंवा गिरणीत कामाला होती का? आपल्या समाजातल्याही होत्या, आपण सांगत नाही इतकंच. तिथल्या पाळणाघराचा एखादा फोटो, हजेरीचा बिल्ला, 'आम्हाला तिथे दूध मिळायचं' अशी नुसती आठवण असली तरी खाली लिहा.