तळ्याच्या गाळातले साक्षीदार

विहिरीत मेलेले मासे तरंगू लागले, की ते पाणी कोणी तोंडाला लावत नाही. पाण्याची परीक्षा त्यातल्या जिवांवरून करावी, हे शहाणपण आपल्याला नवं नाही. पण शंभर वर्षांपूर्वी मरून गेलेल्या जिवांची साक्ष काढायची कशी? ती एकदा काढली गेली, आणि एका मोठ्या वादात ती कामी आली. तीच हकिकत आज सांगतो.

१९६७-६८ च्या सुमारास स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते ओडेन यांनी एक गोष्ट जगापुढे मांडली. ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या कोळशाचा गंधकयुक्त धूर वाऱ्याबरोबर येतो, पावसात आम्ल होऊन उतरतो, आणि आमच्या तळ्यांतले मासे त्याने नाहीसे होतात, असं त्यांचं म्हणणं. यावर प्रतिप्रश्न आला : दोष धुराचाच कशावरून? डोंगरावर सूचिपर्णी झाडांची लागवड झाली, गुरांची चराई घटली, त्यानेही माती आम्ल होते ना? जुन्या पाण्याची मोजमापं कोणापाशीच नव्हती. मग खरं-खोटं ठरवायचं कोणी?

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला गॅलोवेचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे ग्रॅनाइटच्या कातळात, सुमारे ३०० मीटर उंचीवर, राउंड लॉक ऑफ ग्लेनहेड नावाचं छोटं तळं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले फ्लॉवर आणि बॅटरबी हे दोघे संशोधक त्या तळ्यापाशी गेले. त्यांनी नळी खुपसून तळाचा गाळ उभाच्या उभा वर काढला. तळ्यात गाळ थरावर थर बसत जातो. खालचा जुना, वरचा नवा. गाळातल्या किरणोत्सारी शिशावरून थरांचं वय काढता येतं.

त्या गाळात डायाटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची कवचं होती. हे शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली झाकणाच्या काचेच्या करंड्यासारखं दिसतं. जीव गेला तरी करंडा उरतो. काही जातींना आम्ल पाणी मानवतं, काहींना मुळीच नाही. त्यामुळे कोणत्या थरात कोणत्या जाती, यावरून त्या काळच्या पाण्याचा सामू सांगता येतो. माती तपासणीतला सामू तुम्हाला ठाऊक आहेच : आकडा एकाने उतरला, की आम्लता दहापट वाढते.

१९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १८५० च्या सुमारापर्यंत सामू साधारण ५.५ होता, पुढे तो उतरत ५ च्याही खाली गेला. या तळ्याभोवती झाडांची लागवड झालेलीच नव्हती! आणि गाळाच्या वरच्या थरांत कोळशाच्या धुराची काजळीही सापडली. आता झाडांना दोष देणार तरी कसा?

असे पुरावे साठत गेले. १९८६ साली ब्रिटिश सरकारने काही वीजकेंद्रांच्या धुरातून गंधक काढून टाकण्याचं ठरवलं. १९८८ पासून अशा तळ्या-ओढ्यांवर कायमची नजर ठेवली गेली : डायाटम, पाणवनस्पती, पाण्यातले किडे, ट्राउट मासे, सगळ्यांची नोंद. धूर कमी झाला तसं पाणी सावरू लागलं. मात्र अगदी सावकाश. बिघडायला जशी वर्षं लागली, तशी सुधारायलाही लागतात.

गुरुजी, पुढच्या वेळी मुलांना घेऊन तळ्याकाठी जाल, तेव्हा पाणी नुसतं स्वच्छ दिसतं म्हणून समाधान मानू नका. आम्ल झालेलं पाणीही काचेसारखं नितळ दिसू शकतं. दगड उलटून पाहा, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या मोजा, वहीत तारीख घाला. गॅलोवेच्या लोकांनी अशी वही ठेवली नव्हती, तळ्याने मात्र ठेवली होती.