विराटच्या सोबतची मालबोट

आयएनएस विराट मी एकदाच आतून पाहिली, नौदल सप्ताहात, लांबलचक रांगेत उभं राहून. तिचं पहिलं नाव 'हर्मिस'. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. २०२० साली ती भंगारात निघून अलंगला गेली तेव्हा सगळेच हळहळले. मला मात्र त्या ताफ्यातली दुसरीच एक बोट आठवत राहिली.

'अटलांटिक कन्व्हेयर' ही क्युनार्ड कंपनीची साधी कंटेनर बोट. एप्रिल १९८२ मध्ये काम नसल्याने ती लिव्हरपूलला उभी होती. सरकारने ती ताब्यात घेतली आणि अवघ्या दहा-अकरा दिवसांत तिचं रूप पालटलं. डेकच्या दोन्ही कडांना कंटेनर रचून वाऱ्यापाण्यापासून आडोसा केला, हॅरियर विमानं उतरायला जागा केली. पोटात तंबू, दारूगोळा, सुटे भाग भरले. क्षेपणास्त्रांना चकवणारी यंत्रणा मात्र बसवली नाही. कप्तान इयन नॉर्थ आणि बरेचसे खलाशी व्यापारी जहाजांवरचेच.

हॅरियर विमानं वेळेवर पोचली, विमानवाहू नौकांवर गेली. मग आला २५ मे. अर्जेंटिनाच्या विमानांनी दोन एक्झोसे क्षेपणास्त्रं सोडली. त्यांना हव्या होत्या विमानवाहू नौका. युद्धनौकांनी धातूच्या पट्ट्यांचे ढग उडवून क्षेपणास्त्रांना चकवलं. ती पुढे गेली आणि समोर सापडली ही मालबोट.

बारा माणसं गेली, त्यात कप्तान नॉर्थही. बोट तीन दिवसांनी बुडाली. सहा वेसेक्स आणि तीन शिनूक हेलिकॉप्टरं गेली. एक शिनूक तेवढ्यात हवेत होतं म्हणून वाचलं. ज्यांना हेलिकॉप्टरने जायचं होतं, त्या सैनिकांपैकी अनेकांनी पाठीवर ओझी घेऊन चिखलातून ८०-९० किलोमीटर पायपीट केली. १४ जूनला युद्ध संपलं.

तिने हर्मिसला वाचवलं, असं म्हणायचा मोह होतो. पण तिने काही ठरवून अंगावर घेतलं नव्हतं. चकवा देण्याचं साधन ज्यांच्याकडे होतं ते सुटले, जिच्याकडे नव्हतं ती सापडली, इतकंच. लढाईला न्यायचं आणि ढाल मात्र द्यायची नाही, हे मला खुपतं.

हर्मिस १९८७ साली आपली झाली आणि २०१७ पर्यंत नौदलात राहिली. तिच्या डेकवर फिरताना ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर त्या बारा जणांसाठी क्षणभर थांबलो असतो. असो. ते आज इथे थांबतो.